बाळंतिणीच्या खोलीतली हवा

जेचन, ५ मार्च २०११

चि. म्योंगजू हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाळंतिणीच्या खोलीचं दार बोटभर जरी उघडं ठेवलंस, तर साठाव्या वर्षी तुझे गुडघे माझं नाव घेऊन रडतील, असं आई मला म्हणाली होती. सेह्वा झाली त्या वेळी. पंचवीस वर्षं झाली त्याला. तू मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतीस आणि आईच्या मागे उभी राहून डोळे फिरवत होतीस. मी हसले, तर मार मला बसला.

आता तेच वाक्य मी सेह्वाला ऐकवते. आज बारावा दिवस. फाटकाला पेंढ्याचा दोर बांधलाय, त्यात कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या खोवल्यात, म्हणजे मुलगी झाली हे गल्लीला कळतं आणि एकवीस दिवस कुणी आत येत नाही. खिडकीला मी जुनी गोधडी ठोकली आहे. खालून ऊब सोडून जमीन अशी तापवली आहे की मांजर बसलं तर उठून जाईल. सेह्वा म्हणते, आई, मला बाळंतपणाला आणलंयस की बरणीत मुरत घातलंयस? दिवसातून पाच वेळा समुद्रातल्या शेवाळाचं सूप. परवा तिने वाटीकडे बघूनच तोंड फिरवलं. मी म्हटलं, तोंड फिरव, पण सूप आत जाऊ दे.

बाळाला अजून कोंगी, म्हणजे वाटाणा, म्हणतो, पोटात असताना ठेवलेलं नाव. खरंच वाटाण्याएवढी आहे. आमच्या ह्यांना एकवीस दिवस आत यायला बंदी. सिमेंटच्या कारखान्यातून येतात, पाय धुतात आणि बंद दाराबाहेर उभे राहून लेकीला हवामान सांगतात. आज वारा उत्तरेचा. आज बर्फ वितळलं. एवढं बोलायला त्यांना लग्नानंतर सव्वीस वर्षं लागली.

जमीन तापली की घसा कोरडा पडतो, म्हणून ते धुकं सोडणारं यंत्र अखंड चालू असतं. डिसेंबरात, ती सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हाच घेतलं. तू मागे म्हणाली होतीस की साचलेल्या पाण्यात जंतू होतात. ते मी विसरले नाही हो. टाकी रोज घासते आणि पाण्यात जंतू मारायचं औषधही घालते. बाटलीवर हसरं बाळ आहे. एक झाकण घाला म्हणून लिहिलंय, पण बाळंतिणीची खोली म्हणून मी दोन घालते. यंत्राचं तोंड तिच्या उशीकडे केलंय.

दोन दिवस ती जरा खोकते आहे. मीच दार उघडताना वारा आत घेतला असणार. आता आत जाताना अंगानेच दार लोटते आणि अंगानेच लावते.

तुझी माया पत्रातून पोचतेच, पण शेवाळ पार्सलनेच पोचतं. वांदो बेटावरचं चांगलं मिळालं तर पाठव, आणि माझ्यावर हसून झालं की जेव.

तुझी,
ताई

*

सोल, १२ मार्च २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मायक्रोस्कोपच्या शेजारी ठेवून जेवता जेवता वाचलं. मांजराच्या ठिकाणी एवढी हसले की आमच्या पॅथॉलॉजी विभागातले छो सर चष्म्यावरून बघायला लागले. आपल्या बाबांनी तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, म्हणून आपण दोघी अजून लिहितो, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, फोन महाग आहे का तुमच्याकडे?

शेवाळाचं पार्सल निघालंय. सेह्वाला सांग, मावशी म्हणते पाच नाही, तीन वेळा पुरे. हे तुझ्या नकळत तिला कळवावं तर पत्र तूच वाचणार.

खोकला आठवड्यावर गेला तर छातीचा फोटो काढून घे. वाऱ्याला दोष देऊन बसू नकोस.

तुझा राग येईल, तो गोधडीत गुंडाळून ठेव. बाकी जीव आहेच तुझ्यावर.

म्योंगजू

*

जेचन, ८ एप्रिल २०११

चि. म्योंगजू हिस,
आशीर्वाद.

तुमच्या हॉस्पिटलच्या गाडीने सेह्वाला नेलं तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून लिहिते.

दोर काढला त्या दिवशी ती अंगणात आली. दोन पायऱ्या आहेत आपल्याला, तुला माहीत आहे. दुसरीवर ती बसली. मला वाटलं, ऊन खातेय. मग बघितलं तर नखं जांभळी. इथले डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले, औषध दिलं, बदललं, पुन्हा बदललं. फोटोत ढग वाढत गेले. त्यातही ती ह्यांना म्हणे, बाबा, आज वारा कुठला?

आता ती तुझ्याकडे आहे. ग्यूतेक उल्सानहून रजा काढून तिच्याजवळ बसलाय, चांगला जावई आहे, पण त्याला जेवायची आठवण तूच करून दे. मी कोंगीला घेऊन इथे. बाटलीचं दूध पिते. रात्रंदिवस माझ्या अंगावर. तिला सोडून येता येत नाही आणि सेह्वाला सोडून इथे राहवत नाही. दुकान बंद आहे. बाजारातल्या बायका दारात मुरवलेला मुळा ठेवून जातात. मला, तोंडीलावणी विकणारीला!

तिचा हात धरलास की माझा म्हणून धर.

ताई

*

सोल, २६ एप्रिल २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी डॉक्टरसारखी बोलते असं तुझं म्हणणं. म्हणून लिहितेय. कोंगी झोपली असेल तेव्हा वाच.

सेह्वाला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय, हे ग्यूतेकने सांगितलं असेल. त्याआधी तिच्या बरगड्यांमधून फुफ्फुसाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला. तो आमच्याच विभागात आला. नात्यातल्या माणसाचा तुकडा मी तपासायचा नाही. सही छो सरांची. पण त्यांनी काचपट्ट्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि चहा घेऊन येतो म्हणून निघून गेले. ते चहा पीत नाहीत.

ताई, चांगलं फुफ्फुस काचेखाली विरलेल्या जाळीच्या कापडासारखं दिसतं. बरंचसं रिकामं. हवेला जागा म्हणून रिकामं. सेह्वाचं भरलेलं आहे. हवेच्या इवल्या फुग्यांना आतून गुलाबी पापुद्रा धरलाय, पेजेवर धरतो तसा, आणि त्यावर तिच्या शरीराने घाईघाईने ठिगळं लावली आहेत. फुफ्फुसाची तीव्र इजा म्हणतो आम्ही याला. नाव आहे, पण ते कारण नाही. पडलेलं घर बघून घर पडलं असं म्हणण्यासारखं आहे ते. जंतू शोधायला आम्ही आमच्याकडचे सगळे रंग घालून पाहिले. एकही सापडला नाही.

एक गोष्ट मला सोडत नाही. इजा रक्तातून आली असती तर सगळीकडे सारखी पसरली असती. ही बारीक श्वासनळ्यांच्या टोकांभोवती दाटली आहे, आणि कडेची, बरगड्यांना लागून असलेली पट्टी बरीच शाबूत आहे. म्हणजे जे काही होतं ते श्वासाच्या वाटेने आत गेलं. एकदाच भसकन नाही. थोडं थोडं, रोज.

ती काय हुंगत होती? आठवून लिही. भावोजींच्या कपड्यांवरचा सिमेंटचा धुरळा, त्यांची सिगारेट, कोळशाची शेगडी, भिंतीची बुरशी, डासांची उदबत्ती, नवा रंग, कबुतरं. जे जे घाण असेल ते लिही. लाजू नकोस, मी तुझी धाकटी बहीण आहे, घरमालकीण नाही.

तिचा हात धरते. गरम आहे.

म्योंगजू

*

जेचन, २ मे २०११

चि. म्योंगजू हिस,
आशीर्वाद.

घाण? माझ्या घरात? तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मग गुडघ्यांवर बसून सगळं घर हुंगत फिरले.

बुरशी नाही. कबुतरं नाहीत. डिसेंबरात डास कुठले? शेगडी आईबरोबर गेली. उलट तिच्या खोलीएवढी स्वच्छ हवा सबंध जेचनमध्ये नसेल. पडदे आठवड्याला, चादरी एक दिवसाआड, यंत्राची टाकी रोज. ते यंत्र आता ऊन पडायला लागल्यावर पुसून कपाटावर ठेवलंय.

राहिले ते आमचे हे. तीस वर्षं सिमेंट. कानात सिमेंट, भुवयांत सिमेंट. तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, सिगारेटचा भाग दोनदा. मग त्यांचं अंथरूण दुकानाच्या मागच्या खोलीत टाकलं, मुळ्याच्या पोत्यांशेजारी. कपडे वेगळे धुते. तुमच्यामुळे माझ्या लेकीचा श्वास गेला, असंही मी त्यांना म्हणाले. म्हणायला नको होतं, पण कुणाला तरी म्हणायचं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, की कोंगीला काचेतून बघितलं तर चालेल का. मी म्हटलं, आधी डोकं तीन वेळा धुवा. धुतलं.

आता सांग, हेच कारण असेल तर त्याला औषध काय? मी इथे चार भिंतींत फिरते आहे ग. कारण सापडलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं.

रागावले असले तरी लिहीत जा.

ताई

*

सोल, ४ जून २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोंगीच्या शंभराव्या दिवसाच्या वाफवलेल्या पांढऱ्या वड्या पोचल्या. शंभर घरी वाटायच्या असतात ना. वॉर्डात बासष्ट झाल्या, उरलेल्या आमच्या विभागात. छो सरांनी तीन खाल्ल्या आणि तिन्ही वेळा वेगळ्या घराच्या नावाने.

सेह्वाच्या घशातली नळी काढली, हे कळलंच असेल तुला. नाकाला प्राणवायू आहे. एक वाक्य तिला तीन घासांत खावं लागतं, म्हणून पाटीवर लिहिते. वडीचा चिमूटभर तुकडा तोंडात ठेवून कितीतरी वेळ तशीच बसली होती.

भावोजींना मुळ्याच्या पोत्यांत झोपवल्याचं मी तिला सांगितलं. हसली, मग खोकली, मग रागाने लिहिलं, की बाबांनी उंबरठा ओलांडला कधी? बाळ झाल्यापासून ते दाराबाहेर उभे होते, आईनेच ठेवलं होतं.

आणि ताई, आमच्याकडे अशा आणखी चारजणी आल्या आहेत. तरुण, बाळंतीण किंवा दिवस गेलेल्या. वेगवेगळ्या गावांच्या. पाचही जणींच्या काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे मला सांगता येत नाही. त्यांतल्या कुणाच्या घरी सिमेंट नाही. दोघी आता नाहीत. सरकारी आरोग्य खात्याला आम्ही कळवलंय. ते लोक घरोघरी प्रश्न विचारणार आहेत. भावोजींना आत घे.

सेह्वाचं फुफ्फुस भरून आलंय ते व्रणांनी. व्रण आक्रसतोय. पुढचं मी आज लिहीत नाही.

तुझ्या हातच्या वड्या गोड झाल्या होत्या. तुझंही तोंड कुणीतरी गोड करायला हवं.

म्योंगजू

*

सोल, १ सप्टेंबर २०११

ती. ताईस,
नमस्कार.

हे पत्र बाजारातल्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून लगेच टाकते आहे.

काल सरकारने सांगितलं. ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक. त्या धुक्यातून ते फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातं. कदाचित तेच कारण असावं, वापरू नका, असं अजून जपून बोलताहेत. पण मी काचपट्ट्या पाहिल्या आहेत. माझ्यासाठी ते ‘कदाचित’ नाही.

मग मी खण उघडला. तुझं पाच मार्चचं पत्र होतं. मांजर होतं, वारा होता, आणि त्याखाली तुझ्या गोल अक्षरात सगळं: बाटली, दोन झाकणं, उशीकडे केलेलं तोंड. मी ते मायक्रोस्कोपला टेकवून वाचलं होतं. तू मला निदान लिहून पाठवलंस आणि मी त्याला हसून शेवाळ पाठवलं. एप्रिलमध्ये तुला प्रश्न विचारले तेही घाणीबद्दल. स्वच्छतेबद्दल विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. साचलेल्या पाण्यात जंतू होतात हे वाक्यही माझंच. हे मी तुझं ओझं हलकं करायला लिहीत नाही. हे असं आहे.

दुकानातून उघड विकलेली बाटली होती ती. ज्यांनी हे हुंगून चालेल का ते न तपासता विकलं, त्यांचा दोष तू आपल्या अंगावर घेणार हे मला माहीत आहे. घेऊ नकोस. उरलेल्या बाटल्या फेकू नकोस, धुऊ नकोस. खात्याची माणसं न्यायला येतील. कोंगीची छाती जूनमध्ये तपासली ती ठीक होती, तरी पुन्हा आण. लगेच.

सेह्वाने वॉर्डातल्या टीव्हीवर बातमी पाहिली. पाटी घेतली आणि लिहिलं, की आज आईला बातम्या बघू देऊ नका. तुला फोन करायचा नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. पत्राचं तिला सुचलं नाही.

तिचं नाव फुफ्फुस बदलायच्या यादीत घातलंय. कुणीतरी जाईल तेव्हा तिला मिळेल. तिच्या आधी काहीजण आहेत. दोन्ही वाटा मला बघवत नाहीत.

इकडे ये. माझ्याकडे राहा. मी तुला काही बोलायला लावणार नाही.

म्योंगजू

*

जेचन, १६ सप्टेंबर २०११

चि. म्योंगजू हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उशिरा लिहिते, छुसकचा सण होता. वाडवडिलांपुढे पान मांडायला लागतंच. हात आपोआप मांडत होते.

तुझ्या पत्राच्या आधीच मला कळायला हवं होतं. ऑगस्टमध्ये खात्यातून एका मुलीचा फोन आला होता. खूप प्रश्न. घरात पाळीव प्राणी आहेत का, रंग दिला का. मग म्हणाली, जंतुनाशक वापरत होता का? मी तिला अगदी ताठ मानेने सांगितलं, वापरत होते, डिसेंबरपासून एक दिवस चुकवला नाही, आणि एक नाही, दोन झाकणं. तिने पुन्हा विचारलं, दोन? मला वाटलं, लिहून घेतेय, कौतुकाने.

आमच्या ह्यांना पत्र दिलं. मोठ्याने वाचवलं नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. तू जूनमध्ये लिहूनही मी त्यांना आत घेतलं नव्हतं. मी म्हटलं, आता बोला, चार महिने पोत्यांत झोपवलं तुम्हाला, बोला काय ते. त्यांनी विचारलं, जेवायला काय आहे. मग ओट्याखालच्या बाटल्या काढून खोक्यात उभ्या ठेवल्या. तीन रिकाम्या, एक अर्धी. रिकाम्याही मी ठेवल्या होत्या. त्यांत तिळाचं तेल भरणार होते.

कोंगीला घेऊन हेच येतील, शनिवारी. तिला मी हल्ली फारशी घेत नाही. काचेच्या या बाजूला आता मी असते. तिला खोकला नाही. मी मोजत बसते.

आईचं चुकलं होतं का ग? मला तिच्यावर रागावता येत नाही. मी दार उघडं ठेवलं असतं, थोडी आळशी असते, टाकी घासायचा कंटाळा केला असता, तर सेह्वा आज पायऱ्या चढली असती. शेजारच्या बाईचं यंत्र शेवाळलेलं असायचं. तिच्या तिन्ही सुना ठणठणीत आहेत.

आता खरं काम. परवा मी इथल्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढून घेतला, मोठा, नळकांड्यातून फिरवतात तोही. तिथले डॉक्टर म्हणाले, एकोणपन्नासाव्या वर्षी अशी स्वच्छ छाती क्वचितच दिसते. मी त्यांना विचारलं, त्याच खोलीत मीही जात होते, मग मी कशी? ते म्हणाले, किती वेळ जात होता? मी हिशेब केला. सूप घेऊन जायचे, टाकी भरायचे, निघायचे. दुकान होतं, चूल होती, अंगण होतं. दार मी बाहेरून लावत होते, म्योंगजू. आत ती होती.

टीव्हीवर दाखवलं, की जपानात आईबाप आपल्या फुफ्फुसाचा एकेक तुकडा काढून मुलाला देतात आणि दोघंही जगतात. आपल्याकडे जिवंत माणसाचं फुफ्फुस घ्यायला कायद्याची परवानगी नाही, असंही लगेच सांगितलं. मी ऐकलं ते. सेह्वाचा आणि माझा रक्तगट एकच आहे. बापाचा तुकडा नको, त्यात सिमेंट आहे. ते स्वतःच म्हणाले, आणि हसले, मार्चनंतर पहिल्यांदा.

तू कायदा सांगशील. वय सांगशील. एका माणसाने भागत नाही, दोन लागतात, असंही सांगशील. ते टीव्हीवर होतं. सेह्वा घेणार नाही हे तर तू न सांगताही मला कळतं. ती पाटी उलटी ठेवील. माझ्या फिल्म गुंडाळून पत्रासोबत पाठवते आहे. उघडायच्या आधीच तुझा नकार ठरलेला असेल, तरीही या फिल्म एकदा तुमच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, आणि त्यांना विचार, की माझ्यातलं काही तिला देता येईल का.

ताई